पासष्ट की पंचवीस: चितगाव डोंगरी कराराचा हिशेब

दरवर्षी २ डिसेंबर जवळ आला की ढाक्याच्या वर्तमानपत्रांत, चितगावच्या डोंगरातल्या बंडखोरांशी १९९७ मध्ये बांगलादेश सरकारने केलेल्या एकाच शांतता कराराबद्दल दोन आकडे छापून येतात. सरकारच्या अलीकडच्या हिशेबात ७२ पैकी ६५ कलमे पूर्ण झालेली असतात, ३ अर्धवट आणि ४ चालू. करारावर दुसरी सही डोंगरी जमातींच्या ज्या पक्षाची आहे, त्या पार्बत्य चट्टग्राम जनसंहती समितीच्या हिशेबात पूर्ण २५, अर्धवट १८ आणि हातही न लावलेली २९. दोन्ही बेरजा ७२ च भरतात. गणित कुणाचेच चुकलेले नाही.

सरकारने शांतता करार किती पाळला, असे कुठल्याही देशात विचारले की उत्तर बहुधा टक्क्यांत मिळते. अभ्यासासाठी मी चितगावच्या डोंगरातले प्रकरण घेतले, कारण इथे पाव शतकाहून जास्त काळ लोटला आहे, कराराचा मजकूर आटोपशीर आहे आणि टक्केवारी नेमकी कुठे फसवते ते कलमावर बोट ठेवून दाखवता येते.

कराराआधी

बांगलादेशाच्या आग्नेयेला रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन हे तीन डोंगरी जिल्हे आहेत. देशाच्या क्षेत्रफळाचा साधारण दहावा हिस्सा. चाकमा, मारमा, त्रिपुरा, तंचंग्या, म्रो, बॉम अशा अकरा जमाती इथे पूर्वापार राहतात. उतारावरचे रान तोडून जाळायचे, राखेत भात, तीळ, कापूस एकत्र टोचायचे आणि पीक घेतले की ती जागा काही वर्षे पडीक सोडायची, ही त्यांची झूम शेती. आपल्याकडच्या कुमरीची सख्खी बहीणच. या झूमवरूनच सगळ्या जमातींनी मिळून 'जुम्मा' हे नाव घेतले.

इंग्रजांनी १९०० साली या प्रदेशाला वेगळा कायदा लावला. तीन सर्कल आणि त्यांचे तीन राजे, त्यांच्या हाताखाली मौजा आणि मौज्याचा हेडमन, त्याच्या हाताखाली पाडा आणि पाड्याचा कारबारी. झूमची जमीन कुणा एकाच्या नावावर नसे. या वर्षी कुणी कुठे पेरायचे ते हेडमन ठरवी आणि झूमपट्टी गोळा करी. कागद नव्हता, पण व्यवस्था होती, आणि ती चालत होती.

पाकिस्तानच्या काळात कर्णफुली नदीवर काप्ताईचे धरण झाले. १९६० च्या सुमारास पाणी चढले आणि ५४,००० एकर शेतजमीन, म्हणजे त्या प्रदेशातल्या नांगरटीच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के, तलावाखाली गेली. लाखभर माणसे उठली. चाकमा राजाचा वाडाही बुडाला. पुढे बांगलादेश झाला, मानवेंद्र नारायण लारमा यांनी नव्या सरकारकडे स्वायत्तता मागितली, ती मिळाली नाही. १९७२ मध्ये जनसंहती समिती उभी राहिली आणि पाठोपाठ तिची सशस्त्र शाखा, शांतीबाहिनी.

मग १९७९ पासून सरकारने मैदानी भागातली गरीब बंगाली कुटुंबे जमिनीचे, रोख रकमेचे आणि शिध्याचे आश्वासन देऊन डोंगरात वसवायला घेतली. पाच-सहा वर्षांत चार लाखांच्या आसपास माणसे आली. १९५१ च्या जनगणनेत इथे बंगाली ९ टक्के होते, १९९१ पर्यंत ते जवळजवळ निम्मे झाले. लष्करी छावण्या, जाळलेली गावे, हत्याकांडे, दोन्ही बाजूंचे मुडदे, हा सगळा इतिहास इथे विस्ताराने सांगत नाही. एक गोष्ट मात्र पुढच्या हिशेबासाठी लागेल: १९८६ पासून हजारो डोंगरी माणसे सीमा ओलांडून त्रिपुराच्या शिबिरांत गेली, तेव्हा मागे त्यांची जमीन रिकामी राहिली नाही.

सही आणि बंदुका

एर्शाद यांच्या सरकारशी ६, खालिदा झिया यांच्या सरकारशी १३ आणि शेख हसीना यांच्या सरकारशी ७, अशा समितीच्या २६ बैठका झाल्या. २ डिसेंबर १९९७ रोजी ढाक्यात सह्या झाल्या. सरकारतर्फे संसदेतले मुख्य प्रतोद अबुल हसनात अब्दुल्ला, समितीतर्फे मानवेंद्र यांचे धाकटे भाऊ ज्योतिरिंद्र बोधिप्रिय लारमा, ज्यांना सगळे संतू लारमा म्हणतात. सही करणारे दोघे, आणि करार पाळला जातो की नाही ते बघणारा तिसरा कुणी नाही. ना संयुक्त राष्ट्रे, ना एखादा तटस्थ देश. त्या वेळी याचे कौतुक झाले: बघा, घरातले भांडण घरातच मिटवले. कौतुक खोटे नव्हते. शेख हसीना यांना याच कराराबद्दल युनेस्कोचा शांतता पुरस्कारही मिळाला.

१० फेब्रुवारी १९९८ ला खागराछडीच्या मैदानात शस्त्रे खाली ठेवण्याचा समारंभ झाला. संतू लारमा यांनी आपली बंदूक पंतप्रधानांच्या हाती दिली. पांढरी कबुतरे सोडली गेली. आणि त्याच मैदानात, गर्दीतल्या डोंगरी तरुणांनी काळे झेंडे आणि फलक उंचावले: पूर्ण स्वायत्ततेशिवाय स्वस्थ बसणार नाही. वर्ष सरायच्या आत याच मंडळींमधून युनायटेड पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट हा करारविरोधी पक्ष निघाला, आणि डोंगरातला एक झगडा डोंगरातल्याच दोन गटांमध्ये सुरू झाला. तो आजही पुरता शमलेला नाही.

पुढच्या आठवड्यांत टप्प्याटप्प्याने सुमारे दोन हजार बंडखोर बाहेर आले. करारात समितीच्या वाट्याला आलेले मुख्य काम एवढेच: सदस्यांची यादी ४५ दिवसांत द्यायची, शस्त्रे जमा करायची. ते काही महिन्यांत उरकले. सरकारच्या वाट्याची बहुतेक कामे मात्र मुदतीविना लिहिलेली होती. 'यथाशीघ्र', 'टप्प्याटप्प्याने', 'विचारविनिमय करून'. माझ्या मते कराराची निम्मी अधिक गोष्ट या तीन शब्दप्रयोगांत आहे. एका बाजूने आपले सगळे एकदम देऊन टाकले आणि दुसऱ्या बाजूचे देणे हप्त्यांवर राहिले, हप्त्यांच्या तारखा न ठरवता.

कलमे सारख्या वजनाची नसतात

करार बंगालीत आहे आणि त्याचे चार भाग आहेत. 'क' म्हणजे सर्वसाधारण तरतुदी, ४ कलमे. 'ख' तीन जिल्हा परिषदांबद्दल, ३५ कलमे. 'ग' तिन्ही जिल्ह्यांवरच्या प्रादेशिक परिषदेबद्दल, १४. 'घ' मध्ये पुनर्वसन, जमीन, छावण्या, माफी, मंत्रालय वगैरे, १९. म्हणजे ७२ पैकी जवळजवळ निम्मी कलमे एकट्या 'ख' मध्ये आहेत. ती वाचायला बसलात तर करार वाचतोय असे वाटतच नाही. कायदेदुरुस्तीचे विधेयक वाचतोय असे वाटते. एर्शाद यांच्या काळात १९८९ मध्ये तीन जिल्हा परिषदांचे कायदे झाले होते. 'ख' भाग म्हणजे बव्हंशी त्या कायद्यांत कुठला शब्द काढायचा आणि कुठला घालायचा याची यादी.

उदाहरण घ्या. 'ख' चे दुसरे कलम: 'पार्वत्य जिल्हा स्थानिक सरकार परिषद' या नावाऐवजी 'पार्वत्य जिल्हा परिषद' असे नाव करावे. १९९८ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, शब्द गेले, कलम पूर्ण. त्याच भागाचे २६ वे कलम: राखीव वने, काप्ताई प्रकल्प असे काही अपवाद सोडले तर परिषदेच्या पूर्वसंमतीशिवाय जिल्ह्यातली जमीन कुणाला पट्ट्याने द्यायची नाही, विकायची नाही, सरकारनेही परस्पर ताब्यात घ्यायची नाही. हेही १९९८ च्या दुरुस्तीत उतरले. तक्त्यात हेही एकच कलम. नावातले दोन शब्द खोडले त्याला एक गुण, जमिनीवरचा अधिकार दिला त्यालाही एक गुण.

आता खरोखर दिला का? जमिनीच्या नोंदी, पट्टे, फेरफार हे काम जिल्ह्याचे उपायुक्त, म्हणजे ढाक्याने नेमलेले अधिकारी, १९०० च्या जुन्या कायद्याखाली पूर्वीसारखेच करत राहिले. परिषदांकडे सोपवायच्या ३३ विषयांपैकी प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय असले विषय गेले. जमीन व्यवस्थापन, कायदा-सुव्यवस्था आणि स्थानिक पोलीस गेले नाहीत. ज्या विषयांत पैसा खर्च होतो ते गेले आणि ज्यांत सत्ता असते ते राहिले, असे कुणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही.

दोन तक्त्यांमधला फरक मुख्यतः इथून येतो. सरकार विचारते, कायद्यात आले का? समिती विचारते, गावात आले का? दोघेही आपापल्या प्रश्नाला बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर देतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्याय होईल. १९९८ च्या मे महिन्यात प्रादेशिक परिषदेचा कायदा झाला, जुलैत डोंगरी व्यवहारांचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि कल्परंजन चाकमा त्याचे पहिले मंत्री झाले. त्रिपुरातून १२,२२२ कुटुंबे, म्हणजे चौसष्ट हजारांवर माणसे, परत आणली गेली. पूर्वीच्या बंडखोरांना माफी मिळाली, खटले मागे घेण्याचे काम सुरू झाले. ज्या कामाला ढाक्यातल्या एखाद्या सहीची किंवा संसदेतल्या बहुमताची गरज होती, ते काम पहिल्या दीड-दोन वर्षांत बरेचसे झाले.

एक गमतीचे कलम मंत्रालयाचेच. करार म्हणतो, मंत्री डोंगरी जमातींपैकी असावा. २००१ मध्ये खालिदा झिया यांचा पक्ष सत्तेवर आला. या पक्षाने विरोधात असताना कराराविरुद्ध ढाक्याहून डोंगराकडे मोठा मोर्चा काढला होता. सत्तेवर आल्यावर त्यांनी करार फाडला नाही. मंत्रालयही ठेवले. फक्त ते खाते पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले आणि मणिस्वपन देवान यांना उपमंत्री केले. हे कलम पूर्ण मानायचे, अर्धे, की मोडलेले? कुठल्या रकान्यात घालाल त्यावर टक्केवारी ठरते.

फणसाची झाडे आणि कबुलियत

सगळ्यात जड कलमे 'घ' मधली चौथे, पाचवे आणि सहावे. जमिनीचे तंटे सोडवायला एक आयोग: निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, बाकी संबंधित सर्कलचा राजा, प्रादेशिक परिषदेचा अध्यक्ष किंवा प्रतिनिधी, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि विभागीय आयुक्तांच्या बाजूचा अधिकारी. आयोगाने डोंगरातले कायदे, रीती आणि पद्धती धरून निवाडा द्यायचा. बेकायदा दिलेले पट्टे रद्द करण्याचा पुरा अधिकार. निवाड्यावर अपील नाही. कागदावर यापेक्षा भक्कम तरतूद लिहिता येणे कठीण.

आयोगापुढे काय येते ते एका नमुन्याच्या प्रकरणावरून पाहू. अशी हजारो आहेत, म्हणून यात कुणा एकाचे नाव शोधू नये. खागराछडीतला एक मौजा. चाकमा कुटुंबाची दरीत थोडी भातजमीन, वर झूमचा उतार, घराभोवती फणसाची झाडे. १९८६ मध्ये गाव जळाले, कुटुंब सीमेपलीकडे गेले. बारा वर्षांनी परत आले तर घराच्या जागी दुसरे घर. त्यात राहणाऱ्या बंगाली कुटुंबाच्या हातात उपायुक्त कार्यालयाने दिलेली कबुलियत. (मौजा काय, कबुलियत काय, शब्द आपल्याही दप्तरातले आहेत, कबुलायत म्हणा हवे तर.) कबुलियतीवर क्षेत्र लिहिलेले असते, चतुःसीमा मोघम असते, आणि पुष्कळदा कागदावरची जमीन एका डोंगरावर तर ताबा भलत्याच डोंगरावर असतो. चाकमा कुटुंबाकडे काय आहे? हेडमनची साक्ष, शेजाऱ्यांची आठवण, आणि आजोबांनी लावलेले फणस.

बंगाली कुटुंबालाही खलनायक करून चालणार नाही. ते नदीने खाल्लेल्या कुठल्यातरी गावातून आलेले असते. त्याला सरकारने ट्रकमधून आणले, सरकारने कागद दिला, सरकारने शिधा दिला. त्याची मुले इथेच जन्मली. आता त्याला सांगायचे की हा कागद मुळातच बेकायदा होता. सांगणारा आयोग कोणी नेमायचा? सरकारने. म्हणजे सरकारनेच आपली जुनी सही खोटी ठरवायची, आणि मग उठवलेल्या माणसाला दुसरीकडे जागा द्यायची. शेतजमिनीची टंचाई असलेल्या देशात ही जागा कुठून येणार, याबद्दल करार गप्प आहे. बंगाली वस्त्यांना मैदानात परत नेण्याचे तोंडी आश्वासन मिळाले होते असे समिती सांगते. लेखी कुठे नाही. मला विचाराल तर कराराची सर्वांत मोठी चूक अंमलबजावणीत नव्हे, इथे, मसुद्यातच झाली. ज्याने हरायचे आहे त्याचे पुढे काय, हे न लिहिता निवाड्याची यंत्रणा लिहिली गेली.

आणि यंत्रणेचे काय झाले? १९९९ मध्ये पहिला अध्यक्ष नेमला, तेव्हा आयोगाचा कायदाच नव्हता. कायदा आला जुलै २००१ मध्ये, हसीना सरकारची मुदत संपता संपता, प्रादेशिक परिषदेचे म्हणणे न ऐकता. त्यात दोन गोष्टी हळूच बदललेल्या होत्या. करारात सगळ्या बेकायदा ताब्यांचा उल्लेख होता. कायद्याने कक्षा परतलेल्या निर्वासितांच्या तंट्यांपुरती आखडली. आणि सदस्यांचे एकमत झाले नाही तर अध्यक्ष म्हणेल तोच आयोगाचा निर्णय, असे कलम घातले. राजे आणि परिषदेचे प्रतिनिधी त्या टेबलाभोवती शोभेला उरले. त्यांनी बैठकांवर बहिष्कार घातला. बहिष्काराचा अर्थ सरकारी अहवालांत 'सदस्यांच्या असहकार्यामुळे' असा लागला.

२००९ नंतर आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी आधी सगळ्या जमिनीची मोजणी करू, मग तंटे बघू, असे जाहीर केले. करारातला क्रम उलटा आहे: आधी पुनर्वसन आणि तंट्यांचा निवाडा, मग मोजणी. क्रमाला एवढे महत्त्व का? तंटा उभा असताना मोजणीदार आला तर तो ताब्यात जो दिसतो त्याचे नाव लिहितो. फणस कुणी लावले ते त्याच्या नकाशात येत नाही. डोंगरातून ओरड झाली आणि मोजणी थांबली.

कायद्यातली दुरुस्ती व्हायला २०१६ चा ऑगस्ट उजाडला, म्हणजे मूळ कायद्यानंतर १५ वर्षे. अध्यक्षाचा एकहाती अधिकार गेला, बहुमत आले, 'रीती' बरोबर 'पद्धती' हा शब्द परतला, कक्षा रुंदावली. आयोगाने नव्याने अर्ज मागवले. बावीस हजारांहून जास्त आले. पण कायदा चालवायला नियम लागतात: नोटीस कशी काढायची, साक्ष कशी नोंदवायची, तोंडी वहिवाटीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे. प्रादेशिक परिषदेने २०१७ च्या सुरुवातीला नियमांचा मसुदा सरकारला दिला. तो मंत्रालयांच्या टेबलांवर फिरत राहिला. बंगाली संघटनांचा आयोगालाच विरोध, कारण त्यात त्यांचा प्रतिनिधी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी रांगामाटीत बंद पुकारला आणि आयोगाची ठरलेली बैठक पुढे गेली. निकाली निघालेल्या तंट्यांची संख्या वर्षानुवर्षे एकच छापून येते: शून्य.

सरकारी तक्त्यातली प्रगती याच काळात ४८ कलमांवरून ६५ वर गेली. पूर्वीचा सरकारी हिशेब ४८ पूर्ण, १५ अर्धवट, ९ चालू असा होता. त्यात सतरा कलमांची भर पडली आणि आयोगाचा शून्य हलला नाही.

गाठ

जमिनीचे कलम अडले तर बाकीची पुढे जाऊ द्यावीत, असे वाटणे साहजिक आहे. इथे ते जमत नाही, कारण करारात कलमे एकमेकांत ओवलेली आहेत.

जिल्हा परिषदेत मत कुणी द्यायचे? फक्त कायम रहिवाशांनी. डोंगरी नसलेला कायम रहिवासी कोण? ज्याची जिल्ह्यात वैध जमीन आहे आणि जो ठरावीक पत्त्यावर राहतो तो. जमीन वैध की अवैध हे कोण ठरवणार? आयोग. आयोग ठप्प, म्हणून मतदारयादी नाही. यादी नाही, म्हणून निवडणूक नाही. जिल्हा परिषदांची शेवटची, खरे तर एकमेव, निवडणूक २५ जून १९८९ ला झाली. कराराआधी साडेआठ वर्षे. करारानुसार परिषद ३४ जणांची हवी. त्याऐवजी सरकारने नेमलेल्या पाच जणांच्या हंगामी परिषदा चालल्या, २०१४ मध्ये त्या १५ जणांच्या केल्या. नेमणूक अर्थातच सत्ताधारी पक्षाच्या मर्जीतल्यांची. ढाक्यात सत्ता बदलली की परिषदाही बदलतात.

प्रादेशिक परिषदेचा अध्यक्ष जिल्हा परिषदांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी निवडायचा. निवडून आलेले कुणी नाहीच. म्हणून १९९९ च्या मे महिन्यात हंगामी अध्यक्ष म्हणून बसलेले संतू लारमा दोन दशके उलटली तरी हंगामीच राहिले. पाच वर्षांच्या मुदतीची खुर्ची, निवडणूकच नाही म्हणून रिकामी न होणारी. विरोधक त्यावरून त्यांना टोमणे मारतात, आणि टोमणा अगदीच अस्थानी नाही. परिषद कागदावर तिन्ही जिल्ह्यांच्या कारभारावर देखरेख करते. प्रत्यक्षात जिल्हा प्रशासन तिला विचारत नाही.

आणि ज्या परिषदेला लोकांनी निवडलेलेच नाही, तिच्याकडे पोलीस आणि जमीन सोपवायची कशी, असे सरकार विचारते. प्रश्न रास्त आहे. फक्त निवडणूक कोणामुळे झाली नाही हे विचारले की वर्तुळ पुन्हा आयोगापाशी येऊन थांबते. याच तीन जिल्ह्यांत संसदेच्या निवडणुका मात्र सर्वसाधारण यादीवर होत असतात.

कलमागणिक मोजणारा तक्ता ही गाठ दाखवूच शकत नाही. त्यात आयोग, मतदारयादी, निवडणूक, पोलीस हे चार वेगळे रकाने असतात.

छावण्या, न्यायालय आणि एक शब्द

छावण्यांबद्दल थोडक्यात. करारानुसार तीन जिल्ह्यांची ठाणी आणि आलीकदम, रुमा, दीघीनाला अशी सहा कायम लष्करी ठाणी ठेवून बाकी सगळ्या तात्पुरत्या छावण्या टप्प्याटप्प्याने हलवायच्या. सरकार सांगते दोनशेहून जास्त हलवल्या, समिती सांगते सुमारे शंभर. २००९ मध्ये काप्ताईची ब्रिगेड आणि ३५ छावण्या उठल्या हा सर्वांत मोठा एकगठ्ठा टप्पा. शिवाय २००१ च्या सप्टेंबरपासून लष्कराच्या 'दावानल' मोहिमेच्या जागी 'उत्तरण' ही मोहीम आली आणि प्रशासनातला लष्कराचा हात कायम राहिला. सशस्त्र गट आहेत म्हणून छावण्या हव्यात, असे लष्कर म्हणते. २०२४ च्या एप्रिलमध्ये रुमा आणि थानचीत बँका लुटल्या गेल्यावर त्या युक्तिवादाला धारच आली.

न्यायालयाचेही एक प्रकरण आहे. एप्रिल २०१० मध्ये उच्च न्यायालयाने प्रादेशिक परिषदेचा कायदाच घटनाबाह्य ठरवला: एकात्म राज्यात असे वेगळे प्रादेशिक सत्ताकेंद्र बसत नाही. वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि कायदा स्थगितीच्या आधाराने जगत राहिला. कराराला घटनेत जागा द्या, ही मागणी जुनी होती. २०११ मध्ये घटनादुरुस्ती झाली तेव्हा 'उपजाती, क्षुद्र जातिसत्ता, नृगोष्ठी' असे शब्द घटनेत आले. कराराचा उल्लेख आला नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक मंचापुढे कराराच्या अंमलबजावणीचा अहवाल मांडला गेला. बांगलादेशाच्या प्रतिनिधीने उत्तर दिले की आमच्या देशात आदिवासी नाहीतच, तेव्हा हा विषय या मंचाचा नाही. करारावर नजर ठेवणारी तिसरी खुर्ची १९९७ मध्ये नव्हती. २०११ मध्ये कुणी ती ओढू पाहिली तर खोलीच बदलली गेली.

कराराचे अगदी पहिले कलम म्हणते, हा प्रदेश 'उपजाती-अध्युषित' म्हणून मानला जाईल आणि त्याचे वैशिष्ट्य जपले जाईल. सरकारी हिशेबात हे पूर्ण झालेले आहे. २०२२ च्या जनगणनेत तिन्ही जिल्हे मिळून डोंगरी आणि बंगाली जवळजवळ बरोबरीत आले.

देखरेखीसाठी एक समिती आहे: सरकारने नेमलेला निमंत्रक, निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या सरकारी कृतिदलाचा अध्यक्ष आणि संतू लारमा. तिघांपैकी दोघे सरकारचे. कृतिदलाने २००० साली देशांतर्गत विस्थापितांची यादी केली तेव्हा त्यात ९०,२०८ डोंगरी कुटुंबांबरोबर ३८,१५६ बंगाली कुटुंबेही धरली. वसवलेल्यांना विस्थापित कसे म्हणता, असे म्हणत जनसंहती समिती उठून गेली. त्या यादीतल्या कुणाचेच पुनर्वसन झाले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सरकार गेले. सप्टेंबरमध्ये दीघीनाला, खागराछडी, रांगामाटीत दुकाने जळाली, माणसे मेली. ज्या सरकारने करार केला, तेच पंधरा वर्षे सलग सत्तेत राहून जमिनीचे कलम सोडवू शकले नाही. येणारी सरकारे त्या कराराशी भावनेनेही बांधलेली नाहीत.

आयोगाचे मुख्य कार्यालय खागराछडीला आहे. बावीस हजारांवर अर्ज तिथे पडून आहेत. कधीतरी नियम मंजूर होतील आणि त्यातला एखादा अर्ज सुनावणीला निघेल. करार म्हणतो तशी रीत आणि पद्धत धरायची तर १९८६ च्या आधी त्या दरीत कोण पेरत होते ते हेडमनला विचारावे लागेल. तो हेडमन अजून हयात आहे का, हे कारकुनाला आधी बघावे लागेल.